ग्रंथपालांची घंटी

बुद्धी वाटल्याने वाढते, असं जुनी माणसं सांगत आली. वाटलेली बुद्धी कुणाच्या पदरात पडते यावर पुढचं सगळं अवलंबून असतं, हे सांगायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं. आता तर वाटायला सीमाच उरली नाही. जगाच्या पाठीवरचे हुशार लोक आपापली युक्ती इंटरनेटच्या चव्हाट्यावर मांडून ठेवतात. कुणी फुटक्या बादलीतून दिव्याची छत्री काढतो, कुणी जुन्या टायरची बैठक करतो, कुणी काट्या-चमच्यांतून कपाटाच्या मुठी घडवतो. घ्या बाबांनो, फुकट आहे! देणाऱ्याचा भाव निर्मळ, त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रश्न घेणाऱ्याचा असतो, आणि आपल्या या आख्यानातले घेणारे होते एका महाविद्यालयाचे ग्रंथपाल.

ग्रंथपाल म्हणजे अत्यंत सज्जन गृहस्थ. दिवसभर हजारो ग्रंथांच्या सहवासात असल्यामुळे पुस्तकातलं ज्ञान त्यांना मिळमिळीत वाटू लागलं होतं. फोनवर आलेली युक्ती मात्र ते कानात तेल घालून ऐकत. टूथपेस्टने चष्म्याच्या काचेवरचे ओरखडे जातात हे त्यांना तिथेच कळलं. नंतर काच दुधी झाली आणि आठवडाभर त्यांनी विद्यार्थ्यांना भलत्याच विषयांची पुस्तकं दिली, ती गोष्ट वेगळी. "त्या व्हिडिओवाल्याची टूथपेस्ट वेगळी असणार," एवढंच ते म्हणाले. श्रद्धा म्हणतात ती हीच. देवाने नवस ऐकला नाही तर भक्त आपल्याच नवसात खोट काढतो, देवात काढत नाही.

घरात तीन माणसं. ग्रंथपाल, त्यांची बायको आणि आप्पा, म्हणजे ग्रंथपालांचे वडील. बायको घरातल्या लहान खोलीत शिवणकाम करी. पडदे, अभ्रे, गाद्यांच्या खोळी. मशीन सुरू झालं की त्या खोलीत आगगाडी शिरल्यासारखं वाटे. आप्पा मागच्या खोलीत. घशाच्या दुखण्यानंतर त्यांचा आवाज इतका खाली गेला होता की ते काही बोलले तर समोरच्याला आपणच मनात विचार केल्यासारखं वाटायचं.

तर झालं असं की एका रविवारी आप्पांना पाणी हवं होतं. त्यांनी हाक मारली. बायकोचं मशीन चालू होतं. ग्रंथपाल दिवाणखान्यात होते, पण कानात फोनची बोंडं घालून टायरच्या बैठकीच्या व्हिडिओत बुडाले होते. आप्पांनी पुन्हा हाक मारली. मग स्वतःच उठले, पाय सरकला, टेबल धरलं, टेबलावरचा तांब्या गडगडत गेला आणि आप्पांचा गुडघा सुजला. याहून अधिक काही झालं नाही, देवाची कृपा. पण देवाची कृपा चालू असतानाच ताईचा फोन आला.

ताई ही ग्रंथपालांची थोरली बहीण. तिचा आवाज आणि आप्पांचा आवाज एकत्र करून दोघांत सारखा वाटला असता, तर दोघांचंही भलं झालं असतं.

"हाक मारली आणि कुणी आलं नाही?" ताई म्हणाली. "घरात दोन धडधाकट माणसं असून? काय करत होतास तू?"

"वाचत होतो," ग्रंथपाल म्हणाले. टायरच्या व्हिडिओखाली सूचना लिहून येत होत्या, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं.

"तू वाचतच बस. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी मी येते आणि आप्पांना घेऊन जाते. माझ्या घरी हाक ऐकू येते."

फोन ठेवल्यावर ग्रंथपालांच्या डोळ्यांपुढे पुढचं सगळं उभं राहिलं. आप्पा जाणार. मागची खोली रिकामी होणार. आणि 'म्हाताऱ्या बापाची हाक ज्याला ऐकू आली नाही' अशी आपली कीर्ती सगळ्या नातेवाइकांत होणार. यांतलं अधिक काय टोचलं हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आपणही विचारू नये.

"बाजारात घंटी मिळते हो," बायको म्हणाली. "बटण दाबलं की वाजते. उद्या घेऊन या."

ग्रंथपाल हसले. गुरू शिष्याच्या अज्ञानावर हसतो तसे. "विकत काय, कुणीही आणेल."

कारण त्यांना तो व्हिडिओ आठवला होता. कुठल्या देशातला होता कोण जाणे. माणूस बोलत नव्हता, नुसते त्याचे हात दिसत होते. खिळे, खिळ्यांवर दोऱ्याची रिकामी रिळं, रिळांवरून गेलेली दोरी आणि शेवटी बॉलपेनच्या स्प्रिंगवर झुलणारी इवलीशी घंटी. शेवटच्या दृश्यात एका खोलीत म्हातारी दोरी ओढते, दुसऱ्या खोलीत त्या हातांचा दाढीवाला मालक मान वर करून हसतो. खाली पसंतीचे लाखांनी बदाम. वीज नाही, बॅटरी नाही, केवळ बुद्धी!

दुसऱ्या दिवशी बायको बाजारातून परतली तेव्हा ग्रंथपाल तिच्या खोलीत स्टुलावर उभे होते.

"माझी रिळं कुठे आहेत?"

"रिकामी पुरली नाहीत. म्हणून थोडी रिकामी केली."

"आणि दोरा?"

ग्रंथपालांनी एक पेन्सिल पुढे केली. निळा, जांभळा, शेवाळी, भगवा असे सगळे दोरे त्या एकाच पेन्सिलीवर एकदिलाने नांदत होते. बायकोने पेन्सिल घेतली, उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता आत गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता दोरीचा मार्ग असा. आप्पांच्या उशापासून निघायची, दारावरच्या झरोक्यातून बाहेर पडायची, बोळातून वळायची, दिवाणखाना ओलांडायचा, पुन्हा वळायचं आणि शिवणाच्या खोलीत घंटीपाशी विसावायचं. व्हिडिओतल्या म्हातारीचं घर सरळ असावं. इथे कोपरेच कोपरे. आप्पांनी दोरी हातभर ओढली की घंटीपाशी ती नखभर हले. घंटी वाजे, पण आप्पांच्याच आवाजात.

हे कोडं सोडवायला तळमजल्यावरचे निवृत्त कंत्राटदार आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण हातोड्याचा आवाज झाला की ते जिन्यावर आपोआप उगवत. त्यांनी हात मागे बांधून सगळं घर पाहिलं, वाटेत स्वयंपाकघराचा नळही पाहिला आणि निदान केलं, "घर्षण."

"मग?"

"ग्रीस. सढळ हाताने."

ग्रंथपालांचा हात मुळातच सढळ. ग्रीसने खरोखर फरक पडला. घंटी चांगली खणखणली. आणि खणखणताना शेवटच्या रिळावरून काळ्या ग्रीसचा एक टपोरा थेंब निघाला, तो खाली मशीनवर अंथरलेल्या पडद्यावर पडला. पडदा पांढरा होता. दवाखान्याचा होता. त्याच्यासारखेच बाकीचे पडदे शेजारी घडी करून ठेवले होते आणि दुसऱ्या थेंबाने त्यांचाही समाचार घेतला.

बायकोने ते सगळे पुन्हा धुतले, पुन्हा इस्त्री केले आणि एवढंच विचारलं, "त्या दाढीवाल्याची बायको काय करते हो?"

"व्हिडिओत दिसत नाही."

"तेच म्हटलं. माहेरी गेली असेल."

दुसऱ्या दिवशी कंत्राटदार पुन्हा आले आणि आपल्या आदल्या सल्ल्याला अजिबात न शिवता पुढचा सल्ला देते झाले. "आतून कोपरे. बाहेरून भिंत कशी, सरळसोट! आप्पांच्या खिडकीतून काढा, वहिनींच्या खिडकीतून आत घ्या. मधे एकही वळण नाही."

ग्रंथपालांना हे पटलं. दोरी बाहेरून गेली आणि घंटी मोकळ्या मनाने वाजू लागली. इतक्या मोकळ्या मनाने की दुपारपर्यंत ती थांबेना. रजा काढून घरी बसलेले ग्रंथपाल दर खणखणाटाला मागच्या खोलीत धावत.

"काय हवंय, आप्पा?"

"काही नाही बुवा."

पुन्हा खणखणाट.

"आप्पा?"

"अरे, मी हात पांघरुणात घेऊन बसलोय. तुझी शपथ."

शेवटी ग्रंथपालांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दोरीवर मोज्यांची एक लांबलचक ओळ वाऱ्यावर नाचत होती. शेजारच्या काकू आपल्या गॅलरीतून वाकून तिला शेवटचा चिमटा लावत होत्या.

"काकू, ही आमची घंटी आहे!"

"अगं बाई! मला वाटलं सोसायटीला शहाणपण सुचलं," काकू म्हणाल्या. "राहू देत हो संध्याकाळपर्यंत. ह्यांचे जाड मोजे आहेत, वाळत नाहीत लवकर."

मोजे वाळले, पण तोवर सोसायटीचे सेक्रेटरी खाली उभे राहून वर बघत होते. सेक्रेटरी हा माणूस नियमांवर जगत असे, आणि भेटेल त्याला त्यातला घासभर भरवत असे.

"सामाईक भिंत आहे ही. दोरी कसली? विजेची?"

"नाही."

"केबलची?"

"नाही हो. साधी दोरी आहे."

"पाण्याची?"

"दोरी पाण्याची कशी असेल?"

"मग परवानगी कुठल्या सदरात देऊ? सदर नाही, तर परवानगी नाही."

ग्रंथपालांचं सारं आयुष्य वर्गीकरणात गेलेलं. ते शांतपणे म्हणाले, "सदरच नाही, तर काढायला तरी कुठल्या सदराखाली सांगणार?"

सेक्रेटरी पाठ फिरवून निघाले. आयुष्यात असा विजय ग्रंथपालांना क्वचितच मिळाला होता. बायकोला तो प्रसंग त्यांनी जेवताना दोनदा सांगितला. सेक्रेटरी मात्र विचार करत घरी गेले होते. सकाळी दार वाजलं. दारात सेक्रेटरी. चेहऱ्यावर रात्रभर ग्रंथ चाळल्याचं समाधान.

"उपद्रव!" ते म्हणाले. "'उपद्रव' या सदराखाली काढायची."

दोरी पुन्हा घरात आली.

हताश माणूस देवाला शरण जातो. ग्रंथपालही आपल्या देवाला शरण गेले. त्यांनी सगळ्या खटाटोपाचा एक व्हिडिओ काढला, खाली 'घर्षणावर उपाय सुचवावा' असं नम्रपणे लिहिलं आणि जगापुढे ठेवला. वाटलं होतं, देशोदेशीचे कल्पक लोक धावून येतील.

पहिलं उत्तर आलं, "काका, बाजारात घंटी मिळते."

दुसरं उत्तर, "मागचे पांढरे पडदे सुंदर आहेत. कुठे शिवून मिळतील?" या प्रश्नाला पुष्कळ जणांनी बदाम दिले होते आणि बायकोला त्याच दिवशी नवं काम मिळालं. घंटीला एकही बदाम नव्हता.

तिसरं उत्तर ताईचं होतं. "आप्पांना ही उठाठेव झेपायची नाही. रविवारी येतेच आहे."

पण देव अगदीच विन्मुख नसतो. शेवटी कुणा अनोळखी माणसाने एकच ओळ लिहिली होती, "ग्रीस पुसा. दोरीला मेणबत्ती घासा." ना नाव, ना चेहरा. ग्रंथपालांनी ग्रीस पुसलं, मेण घासलं. आप्पांनी दोन बोटांनी दोरी ओढली आणि पलीकडच्या खोलीत मशीनच्या आगगाडीवर मात करत घंटी अशी वाजली की बायकोची टीप वाकडी गेली.

"वाजली!" बायको ओरडली. त्या आठवड्यात तिने आनंदाने उच्चारलेला हा पहिला शब्द.

ग्रंथपालांचे डोळे भरून आले. रविवार अजून दूर होता. ताई येईल, दोरी ओढेल, घंटी वाजेल, विषय संपेल. आप्पा कुठेही जाणार नाहीत.

दुसऱ्या संध्याकाळी ते ग्रंथालयातून आले तर आप्पांनी दोरीचं टोक हातात धरलं होतं. "तुटली रे."

तुटली नव्हती, दोरी घरात परत आणताना उशापाशी दोन तुकडे जोडून मारलेली गाठ सुटली होती. ग्रंथपाल स्टूल ओढून बसले आणि गाठ मारू लागले. आप्पा बघत होते.

"अशी नाही. वरून घे."

"वरूनच घेतोय."

"ते खालून झालं. तुझ्या आईला तू बुटाच्या नाडीसाठी चौथीपर्यंत छळलंस."

"पाचवीपर्यंत," ग्रंथपाल म्हणाले. मग आईचा विषय निघाला. मग बूट विकणाऱ्या त्या रागीट दुकानदाराचा, ज्याला आप्पा एकदाच बोलले होते आणि जन्मभर त्याची खंत करत होते. चहा तिथेच आला. गाठ बसेपर्यंत बाहेर दिवे लागले.

दुसऱ्या दिवशी गाठ पुन्हा सुटली. तिसऱ्या दिवशीही. ग्रंथपालांनी जगातल्या नाना गाठी फोनवर पाहिल्या. नावाड्यांच्या, गिर्यारोहकांच्या, शल्यविशारदांच्या. एकेक रोज बांधली. हत्ती सुटणार नाही अशी गाठ आप्पांच्या उशाशी संध्याकाळपर्यंत टिकेना. दोरीतच दोष असावा असं त्यांचं मत झालं. आपल्या गाठीत नाही, हे ओघाने आलंच.

शुक्रवारी ग्रंथालयात फवारणी होती म्हणून ते लवकर घरी आले. आप्पांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आप्पा उशाला टेकून बसले होते, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि शल्यविशारदांची ती गाठ नखाने उकलत होते. कसब बघण्यासारखं होतं. एक पदर सैल केला, दुसरा ओढला, दोन्ही टोकं नीट सुटी केली. मग घड्याळाकडे पाहिलं. मग दाराकडे कान दिला.

ग्रंथपाल मागे सरले. बोळातून दिवाणखान्यात आले, बाहेरचं दार उघडून धाडकन लावलं, बूट मुद्दाम आपटत काढले.

"तुटली रे परत," आतून बारीक आवाज आला.

"आलो, आप्पा," ग्रंथपाल म्हणाले आणि त्यांनी स्टूल ओढलं. त्या दिवशी त्यांची गाठ चारदा चुकली. एकदाही कुणाची तक्रार नव्हती.

आता खरी पंचाईत. इंटरनेटवर त्यांना शनिवारी सकाळीच एक युक्ती सापडली होती. एक थेंब जलद चिकटणारा गोंद, त्यावर चिमूटभर खायचा सोडा, की दगड! अशी गाठ साक्षात यमालाही सुटली नसती. गोंद टेबलावर होता, सोडा डब्यात होता आणि ताई उद्या येणार होती. एक थेंब टाकला की घंटी उद्या नक्की वाजणार, आप्पा इथेच राहणार. आणि परवापासून घंटी कधीच बिघडणार नाही. ग्रंथपाल गोंदाची नळी हातात घेऊन बराच वेळ मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले. पोथीत असे प्रसंग राजांवर येतात, आणि तिथे निदान आकाशवाणी तरी होते. इथे नुसता मशीनचा आवाज येत होता.

त्यांनी नळीचं टोपण लावलं आणि ती सोड्याच्या डब्यामागे ठेवून दिली.

रविवारी ग्रंथपालांबरोबर ताई रिकामी बॅग घेऊन आली. चपला काढता काढताच म्हणाली, "कुठाय ती घंटी? वाजवा, आप्पा."

आप्पांनी दोरी ओढली. दोरी त्यांच्या हातात आली. गाठ सुटलेली होती.

"झालं," ताई म्हणाली. तिने बॅगेची चेन सर्रकन उघडली. "मला ठाऊकच होतं. कुठे आहेत आप्पांचे सदरे?"

ग्रंथपालांनी कपाटाकडे बोट दाखवलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण सांगता येण्यासारखं काहीच नव्हतं.

तेवढ्यात ताईच्या पाठीमागे आगगाडी सुटल्यासारखा आवाज झाला. ती दचकून वळली. आप्पांच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीखाली, मशीन होतं आणि मशीनवर ग्रंथपालांची बायको.

"हे इथे कधी आलं?"

"आज सकाळीच," बायको टीप न थांबवता म्हणाली. "हे तुम्हाला आणायला स्टँडवर गेले होते तेव्हा मी आणि कंत्राटदारकाकांनी हलवलं. उजेड चांगला येतो इथे."

ग्रंथपालांनीही ते आत्ताच पाहिलं. आल्यापासून ते नुसती दोरी बघत होते, खोली बघितलीच नव्हती.

"म्हणजे आप्पांनी हाक मारली तर?"

"हाक कशाला मारतील? माझी टीप वाकडी गेली की लगेच सांगतात. सकाळपासून तीन अभ्रे उसवायला लावलेत मला."

"दोनच," आप्पा म्हणाले. "तिसरा तिला स्वतःला पटला नव्हता."

ताईने मशीन पाहिलं. मग झरोका पाहिला, झरोक्यातून बोळात गेलेली दोरी पाहिली, दोरीखालची रिळं पाहिली. घर ओलांडून ती दोरी आता रिकाम्या खोलीतल्या घंटीकडे जात होती, जिथे ती ऐकायला कुणीही नव्हतं.

"मग ही घंटी कशाला?" तिने विचारलं.

बायकोने मशीन थांबवलं.

"दुरुस्तीला," आप्पा म्हणाले.

"दुरुस्तीला?"

"रोज सुटते गं संध्याकाळची. हा येतो, बसतो, बांधतो." आप्पांनी दोरीची दोन्ही टोकं पांघरुणावर शेजारी शेजारी ठेवली. "काम निम्म्यात टाकून कसा येऊ तुझ्याकडे?"

"आणि पूर्ण कधी व्हायचं हे काम?"

आप्पांनी मुलाच्या हातांकडे एकवार बघितलं. "ह्याच्या हातून? काही खरं नाही. माझ्या हयातीत तरी होत नाही."

ताईने चेन लावली, ती सर्रकन लागली नाही, मधेच अडकली, तशीच सोडून दिली. बॅग पलंगाखाली सरकवली आणि ग्रंथपालांच्या आधी स्टूल ओढून त्यावर बसली.

"सरक तिकडे," ती भावाला म्हणाली. "दे ते टोक. सांगा आप्पा, वरून घ्यायची की खालून?"